मुलाखतीतली हकीकत

फोन वाजला तेव्हा मी डब्यातली दुसरी चपाती मोडत होते. डहाळे साहेब लेबर कोर्टात गेले होते आणि टाइम ऑफिसचे वाघमारे कॅन्टीनला. पर्सोनेल ऑफिसात मी एकटीच. उजवा हात खरकटा होता, म्हणून डाव्या हाताने रिसीव्हर उचलला.

"नमस्कार, मी ईशा नाडकर्णी बोलतेय पुण्याहून. आमचा आइस्क्रीमचा कारखाना आहे, मी तिथे एचआरला असते. तुमच्याकडच्या एका माजी कर्मचाऱ्याची चौकशी करायची होती. दहा मिनिटं मिळतील का, मॅडम?"

असे फोन महिन्यातून तीन-चार तरी यायचे. आमच्या डेअरीत शिकून तयार झालेली माणसं पुण्याला, नाशिकला जायची आणि मग तिकडून चौकशी यायची. अशा वेळी काय बोलायचं ते डहाळे साहेबांनी मला कामावर लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. लागल्याची तारीख, सोडल्याची तारीख, हुद्दा. वागणूक विचारलीच तर 'समाधानकारक'. त्यापुढे एक शब्द नाही.

"नाव सांगा," मी म्हणाले.

"नवनाथ भिकाजी गुंजाळ. रेफ्रिजरेशन ऑपरेटर."

फाइल शोधावी लागली नाही. कपाटाचा खालून दुसरा कप्पा, डावीकडून चौथी. हात पुसून मी ती आणली, मांडीवर उघडली आणि दोन्ही तारखा वाचून दाखवल्या. वागणूक समाधानकारक असल्याचंही सांगितलं. आता ती फोन ठेवेल असं मला वाटलं.

"थँक यू. पण मॅडम, आमची पद्धत जरा वेगळी आहे," ती म्हणाली. आवाजावरून पंचविशीतली असावी. "तुम्ही प्रामाणिक आहात का, असं मुलाखतीत विचारलं तर कुणीही हो म्हणणार. म्हणून आम्ही प्रसंग विचारतो. खरोखर घडलेला. तेव्हा तुम्ही काय केलंत, मग काय झालं, असं. आणि तो प्रसंग जुन्या ऑफिसात विचारून ताडून बघतो. हे प्लँटचं काम आहे, अमोनियाशी गाठ आहे. नुसत्या तारखांवर माणूस कसा घ्यायचा?"

यावर साहेब आल्यावर फोन करा, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी ते का म्हटलं नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही. त्या दिवसांत मी भूक नसताना जेवायचे, झोप नसताना पडून राहायचे. कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचे. तसंच ते होतं.

"विचारा," मी म्हणाले.

"कामाचा ताण असताना ते कसे वागतात? एखादा प्रसंग आठवतो?"

"पोळ्याचा दिवस होता," मी म्हणाले. "निम्मी माणसं सुट्टीवर. कोल्ड स्टोअरमध्ये वास येत होता, पण गळती सापडेना. नवनाथ गंधकाची वात पेटवून एकेका जोडावर धरत गेला. अमोनिया असला की वातीचा पांढरा धूर होतो. चौदाव्या जोडाला धूर दिसला. तोवर त्याने पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं."

"हे तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"नाही. घरी ऐकलं."

"घरी?"

"ऐकलंय," मी म्हणाले.

ती काहीतरी लिहून घेत असावी. मग म्हणाली, "आता दुसरा प्रसंग. आम्ही त्यांना विचारलं होतं, तुमच्या हातून झालेली अशी चूक सांगा, जी अजून मनातून जात नाही. त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलंय. वाचते. तुमच्या रेकॉर्डला जुळतं का, तेवढं सांगा."

आणि तिने वाचायला सुरुवात केली.

"मागच्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात दुपारी प्लँटला अमोनिया सुटला. तेल काढायचा व्हॉल्व्ह बंद होईना. आत मी आणि आमचे सुपरवायझर खैरनार सर, दोघंच होतो. खांबावर दोन मास्क होते. त्यातल्या एकाच्या गाळणीच्या डब्याची मुदत संपली होती, ते सरांनी दोनदा लिहून कळवलं होतं. चांगला मास्क सरांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, तू नीघ. मी निघालो. सर ओला टॉवेल तोंडाला लावून परत आत गेले आणि त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला. पलीकडे पॅकिंगला तीस-पस्तीस बाया होत्या, त्या वाचल्या. सर बाहेर आले नाहीत. पुढे चौकशीत मी असं लिहून दिलं, की दोन्ही मास्क चांगले होते आणि सर निष्काळजीपणाने तसेच आत गेले. साहेबांनी मजकूर सांगितला आणि मी सही केली. ही माझी चूक."

ती थांबली. 

त्या कागदातले खैरनार सर म्हणजे माझे मिस्टर. प्रभाकर खैरनार. ते गेल्यावर डेअरीने त्यांच्या जागी नाही, पण ऑफिसात मला नोकरी दिली होती. नवनाथचा चौकशीतला जबाब तेव्हा माझ्या मांडीवरच होता. गोल, शाळकरी अक्षर, खाली सही. कामावर लागल्याच्या तिसऱ्या दिवशी मी तो शोधून वाचला होता. 'निष्काळजीपणाने' हा शब्द त्याला धड लिहिता आला नव्हता, खोडून पुन्हा लिहिला होता.

"मॅडम? ऐकताय ना?"

"मास्कचं वाक्य पुन्हा वाचता?"

"चांगला मास्क सरांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, तू नीघ."

"अजून एकदा."

ती जरा घुटमळली, पण तिने वाचलं.

रेकॉर्डला जुळत नाही, असं म्हणणं नियमाला धरून होतं. मग नवनाथ खोटारडा ठरला असता आणि ती नोकरी गेली असती. जुळतं म्हटलं असतं तर ज्या डेअरीने मला खुर्ची दिली तिलाच मी खोटं पाडत होते, आणि घरी नववीतली मुलगी होती. हे सगळं मला तेव्हा कळत होतं. पण ते दुसऱ्या कुणाबद्दल असावं तसं कळत होतं.

"प्रसंग खरा आहे," मी म्हणाले.

"म्हणजे त्यांनी खोटा जबाब दिला, हे तुमचं ऑफिस मान्य करतं?"

"ऑफिसचं मला माहीत नाही. हे असंच घडलं."

"शेवटचा प्रश्न. संधी आली तर तुम्ही त्यांना पुन्हा कामावर घ्याल?"

"घेईन."

"तुमचं नाव, मॅडम? फॉर्मवर लागतं."

"मंदाकिनी."

"आडनाव?"

वाघमारे दात कोरत दारातून आत येत होते. "मंदाकिनी प्रभाकर," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली.

ते वर्षभर मला काही वाटत नव्हतं. लोक म्हणायचे, बाई धीराची आहे. तेराव्याला मी पंगतीत वाढत होते. सासूबाई रडायच्या तेव्हा मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे, आणि तो हात माझाच आहे हे मला बघून ठरवावं लागायचं. रोज सकाळी त्याच फाटकातून आत जायचे, प्लँटच्या भिंतीलगत पुढे ऑफिसात. वास यायचा. त्याचंही काही नाही. फक्त मयूरीने, माझ्या मुलीने, एकदा शाळेतून आल्यावर विचारलं होतं, "बाबांचीच चूक होती ना? तसं सगळे म्हणतात." तेव्हा मी म्हणाले होते, "कपडे बदल, चहा टाकते." दुसरं काही सुचलं नव्हतं.

त्या फोननंतर मात्र मी ते एक वाक्य घेऊन हिंडू लागले. भाजी निवडताना, बसमध्ये, वहीत नोंदी करताना. माझ्या हातात दिला आणि म्हणाले, तू नीघ. हे त्यांच्यासारखंच होतं. घरीसुद्धा ते तसंच बोलायचे, तोडून. तू बस. तू जेव. तू नीघ. पुण्यात कुठल्यातरी फाइलला हे लावलेलं आहे, त्यावर माझं नाव आहे, एवढं पुरेसं वाटत होतं.

पंधरा-सोळा दिवसांनी नवनाथ आला. त्याला अनुभवाचा दाखला हवा होता. पुण्याची नोकरी पक्की झाली होती.

तो आमच्या घरी कितीदा जेवलेला. तेव्हा जेमतेम तिशीचा, उंच, जरा वाकून चालणारा. आमच्याकडे आला की ओट्याशी येऊन स्वतःचं ताट स्वतः घ्यायचा. मिस्टर गेल्यावर चारच महिन्यांत त्याने डेअरी सोडली आणि नंतर मी त्याला पाहिलं नव्हतं. अंत्यविधीला तो आला होता की नाही, हेही मला आठवत नाही.

"बस," मी म्हणाले. "दाखला टाइप करून ठेवलाय. साहेबांची सही व्हायची आहे. ते प्लँटच्या मीटिंगला गेलेत, येतीलच."

तो बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. वाघमारे पगारपत्रकं घेऊन बाहेर जाईपर्यंत थांबला.

"वहिनी, पुण्याचा फोन तुम्ही घेतला?"

"हो."

"मला नंतर कळलं. त्या नाडकर्णी मॅडम म्हणाल्या, तुमच्या ऑफिसातल्या मंदाकिनी मॅडमनी खात्री दिली. मी हादरलोच. मला वाटलेलं, डहाळे साहेब घेतील फोन. ते नाही म्हणतील आणि विषय संपेल."

"मग सांगितलंस कशाला मुलाखतीत?"

"त्यांनी विचारलं."

"खरं सांगितलंस म्हणून मी हो म्हणाले," मी म्हणाले. "जबाब मी आधीच वाचला होता. राग होता असंही नाही. पण तू खरं सांगितलंस ते बरं झालं."

त्याने खुर्ची ओढली आणि बसला. टेबलाच्या कडेकडे बघत राहिला.

"सगळं खरं नाही, वहिनी."

मी दाखला पाकिटात घालत होते. तो तसाच धरून राहिले.

"मास्क सरांनी दिला नाही," तो म्हणाला. "तो सरांच्या हातात होता. पट्टा डोक्यावरून चढवत होते. व्हॉल्व्हपाशी जायचं म्हणून. मी ओढून घेतला."

"ओढून?"

"हिसकावला. पट्टा त्यांच्या कानाला अडकला, तरी ओढला. सरांनी माझ्याकडे बघितलं. बोलले काही नाहीत, बोलता येतच नव्हतं तिथे. मी पळालो."

बाहेर दुधाचा टँकर मागे घेत होते. कुणीतरी येऊ दे, येऊ दे असं ओरडत होतं. मी त्याकडे कान देऊन बसले. दवाखान्यात चेहरा दाखवला होता तेव्हा त्यांच्या डाव्या कानामागे एक लांब ओरखडा होता. स्ट्रेचरवर घेताना लागलं असेल, असं मी तेव्हा धरून चालले होते. कुणाला विचारलंही नव्हतं.

"आणि व्हॉल्व्ह?" मी विचारलं.

"तो सरांनीच बंद केला. टॉवेल लावून. ते खरंय, वहिनी. मी बाहेर होतो आणि आत तिसरं कुणी नव्हतं. दुसऱ्या मास्कची मुदत संपली होती, तेही खरंय. जबाब साहेबांनी सांगितला, तेही खरंय. एवढं एक सोडून सगळं खरंय."

"मग हे एक कशाला बदललंस?"

 तो म्हणाला, "मुलाखतीत तिघं जण बसले होते. मनातून न जाणारी चूक सांगा म्हणाले. मी हीच सांगायला तोंड उघडलं होतं. आणि सांगून बसलो ती दुसरी, जबाबाची. ती सांगता येत होती. ही येत नव्हती. त्यांना ती आवडलीसुद्धा. मॅडम म्हणाल्या, फार थोडे लोक असं कबूल करतात."

मी राग येण्याची वाट बघत होते. आला नाही. छातीत कुठेतरी काहीतरी हललं, एवढंच. कपाट सरकवताना आतल्या फायली हलतात तसं, आणि पुन्हा जागेवर बसलं.

पुण्याचा नंबर टेबलावरच्या कॅलेंडरवर मी त्या दिवशी पेन्सिलीने लिहून ठेवला होता. त्यालाही तो दिसत असणार, त्याच्या समोरच होता. मी फोन केला असता तर त्याने अडवलं नसतं. बहुधा त्यासाठीच तो आला होता.

"तिथे मास्क किती आहेत?" मी विचारलं.

"आठ. वर हवेच्या बाटलीचे दोन संच. मुलाखत झाल्यावर मी प्लँट बघायला मागितला होता. सगळ्या डब्यांवरच्या तारखा वाचल्या."

"एका पाळीला माणसं किती?"

"पाच."

मी फोन केला नाही. त्याला माफ केलं म्हणून नाही. खरं तर ती मुलगी मला विचारत होती त्याचं नेमकं उत्तर आता माझ्याकडे होतं. ताणाच्या वेळी हा माणूस काय करतो, ते मला त्याच्याच तोंडून कळलं होतं. पण फोन केला असता तर पुण्याच्या त्या कागदावर काट मारली गेली असती, आणि त्या कागदावर ते होते. मला तो कागद तसाच राहायला हवा होता. याहून चांगलं कारण माझ्याकडे नव्हतं आणि आजही नाही.

मी कोरा कागद काढून त्याच्यापुढे ठेवला.

"लिहून दे," मी म्हणाले.

त्याने खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि थांबला. "कुठलं लिहू, वहिनी?"

त्याने हे अगदी साधेपणाने विचारलं. मी म्हणाले असते तर त्याने मुलाखतीतलं लिहिलं असतं, आणि मी म्हणाले असते तर आत्ता सांगितलेलंही लिहिलं असतं. जबाबाच्या वेळी डहाळे साहेबांसमोर तो असाच बसला असेल, असं मला वाटून गेलं.

"मुदत संपलेल्या मास्कचं लिही," मी म्हणाले. "सरांनी ते लिहून कळवलं होतं, ते लिही. त्यांनी आत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला, ते लिही. आणि आधीचा जबाब सांगण्यावरून दिला, ते लिही."

"आणि मास्क?"

"त्यांच्याजवळ मास्क नव्हता, एवढं लिही."

त्याने सात-आठ ओळी लिहिल्या. अक्षर तेच, गोल. मी तारीख घालायला लावली, सही घेतली, आवक रजिस्टरमध्ये नोंद केली, कागदावर शिक्का मारून क्रमांक टाकला आणि जबाबाच्या वर तो फाइलला लावला. तेवढ्यात डहाळे साहेब आले. त्यांनी उभ्याउभ्याच दाखल्यावर सही केली, नवनाथला म्हणाले, "छान, छान. पुण्यात नाव काढा," आणि केबिनमध्ये गेले.

जाताना नवनाथ पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले. तो तसाच सरळ झाला आणि गेला. त्यानंतर आमची भेट झाली नाही. तो अजून त्याच कारखान्यात आहे, आता प्लँटचा इन्चार्ज झालाय, असं वाघमारे सांगत होते.

दुसऱ्या दिवशी दाखल्याची प्रत लावायला म्हणून साहेबांनी फाइल मागवली. मी नेऊन दिली आणि समोर उभी राहिले. त्यांनी वरचा कागद वाचला, खालचा वाचला, पुन्हा वरचा वाचला.

"हे कधी आलं?"

"काल."

"आवक क्रमांक पडलाय?"

"पडलाय, साहेब."

त्यांनी चष्मा काढून पुसला. आता मला काढतील, असा विचार माझ्या मनात येऊन गेला, आणि तोही दुसऱ्या कुणाबद्दल असावा तसाच गेला.

"ताई," ते म्हणाले, "स्टोअरला फोन लावा. खैरनारांनी मास्कची मागणी केली होती, तिचं काय झालं विचारा."

त्या महिन्यात प्लँटला दहा नवे मास्क आले. चौकशी पुन्हा उघडली नाही. मला कुणी काढलं नाही. साहेब पुढे निवृत्त झाले, ती फाइल इतर जुन्या फायलींबरोबर गोदामात गेली, आणि माझ्या माहितीप्रमाणे तो कागद आम्हा तिघांखेरीज कुणी वाचलेला नाही.

मयूरी बारावी झाली आणि नाशिकच्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही तिची बॅग भरत होतो. स्वेटर घडी घालताना तिने एकदम विचारलं, "आई, बाबा मास्क न घालता आत का गेले गं? त्यांना तर सगळं माहीत होतं."

इतक्या वर्षांत तिने पुन्हा विचारलं नव्हतं. मी तिच्या हातातला स्वेटर घेतला.

"चांगला मास्क एकच होता," मी म्हणाले. "तो त्यांनी नवनाथच्या हातात दिला आणि म्हणाले, तू नीघ."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"ऑफिसात फोन आला होता," मी म्हणाले.

ती अजून काही विचारेल म्हणून मी थांबले. तिने विचारलं नाही. मी स्वेटर बॅगेत तळाशी घातला आणि वरून दुसरे कपडे ठेवायला घेतले.